क्लचप्लेट आणि बीजगणित

…नाही, तुम्हीच सांगा, एक क्लचप्लेट निवडायला माणसाला किती दिवस लागावेत? आमच्या आईला लुगडं घ्यायला अर्धा तास लागतो, आणि त्यात दुकानदाराशी भांडणही उरकतं. आमच्या बाबांनी गुरुवारी डिझेल पिकअपचा गिअरबॉक्स उतरवून कशेळ्याच्या आमच्या अंगणात गोणपाटावर ठेवला, तो शनिवारपर्यंत तिथेच, त्याच्यावर कोंबडी बसायला लागली, आणि सोमवारी माझा पेपर. दहावीचा. बीजगणिताचा. कर्जतला, अकरा वाजता. आमच्याकडची सकाळची एस.टी. यायची तेव्हा यायची, म्हणून मला नेणार होती तीच गाडी, जिचं पोट अंगणात पडलं होतं.

तुम्हाला सांगते, गाडीचा दोष एकच. जांभळीचा चढ आला की क्लच घसरायचा, म्हणजे इंजिन नुसतं ओरडायचं आणि चाकं ऐकायची नाहीत. मग मागे कर्जतच्या बाजाराला भाजीच्या टोपल्या घेऊन बसलेल्या नऊ बायका खाली उतरायच्या, चढ पायी चढायच्या, हलकी झालेली गाडी धापा टाकत वर यायची आणि वर सगळ्या पुन्हा चढून बसायच्या. दोन वर्षं हे असं चाललं होतं. ‘उतरा’ म्हणायचीही गरज नव्हती, गाडी हळू झाली की पाय आपोआप खाली.

तर बाबांच्या मनात आलं, आता भारी प्लेट घालायची. आणि आणल्या किती? तीन. नको त्या परत द्यायच्या बोलीवर. एक जुनीच, नवं अस्तर लावलेली. एक नेरळच्या दुकानातली कोरी, गाडीच्या मापाची. आणि तिसरी कुंभिवलीच्या येसाजी फिटरकाकांची, मोठ्या ट्रकची, तिच्याबरोबर तिला दाबून धरणाऱ्या स्प्रिंगाही ट्रकच्याच. तिन्ही माझ्या वह्यांवर ठेवल्या, कारण घरात सपाट जागा तेवढीच होती. बाबा एक उचलायचे, उजेडात धरायचे, ठेवायचे, दुसरी उचलायचे… वहीवर काळी वर्तुळं उमटली, आणि भूमितीचा पेपर असता तर त्यांचा उपयोग तरी झाला असता, पण सोमवारी माझा पेपर बीजगणिताचा.

येसाजीकाका सांगत होते, “सखा, माजी घाल. मंग चढ म्हंजे काय तं इसरून जाशील.” शेजारचे गोमाकाका, ज्यांच्याकडे बैलगाडी आहे, ते म्हणाले, “जुनी काय वाईट हाय रं? माजा बैल घसरतो तवा मी त्याला ट्रकचा पाय लावतो काय?” आई म्हणाली, “कुठलीपण घाला, फक्त ती कोंबडी त्याच्यावर अंडं घालायच्या आत घाला.” आणि मी काय म्हणाले? मी दारात उभी राहून म्हणाले, “बाबा, सोमवारी…” बाबा म्हणाले, “सोमवारी बघच तू, गाडी चढ कशी चढते ती.”

मग रविवारी गौराबाई आल्या. गौराबाई म्हणजे त्या नऊ बायकांच्या पुढारी, गाडीत कोण कुठे बसणार तेही त्याच ठरवतात. त्यांनी एकेक प्लेट हातात घेतली आणि… तुम्हाला खोटं वाटेल… बाजारात माठ वाजवून घेतात तशी बोटानं वाजवली. कान लावून. पहिली, दुसरी, तिसरी. ट्रकची प्लेट खणखणीत वाजली. “ही घे. हिचा आवाज भरीव हाय.” संपलं! तीन दिवस जे तिघांना ठरवता आलं नाही, ते एका टिचकीत ठरलं, आणि बाबा अशा चेहऱ्यानं उठले की जणू त्यांच्या मनात पहिल्यापासून हेच होतं.

बसवून झाली सोमवारी सकाळी सव्वानऊला. ट्रकच्या स्प्रिंगांनी क्लचचं पेडल दगडासारखं झालं होतं, ते येसाजीकाकांनी दाबून दाखवलं. आता येसाजीकाकांचा देह असा, की त्यांनी पाय नुसता विसावला तरी पेडल खाली जातं. आमचे बाबा म्हणजे सायकलचा हवा भरायचा पंप, तेवढेच बारीक. त्यांनी दाबलं तर पेडल जागेवर राहिलं आणि बाबा सीटवरून वर उठले. शेवटी युक्ती सापडली. दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरायचं आणि पेडलवर उभं राहायचं. “फकस्त उगाच थांबायचं नाय,” बाबा घाम पुसत म्हणाले, “एकदा निघालो की निघालो.”

निघालो. मी पुढे, मांडीवर कंपासपेटी. जांभळीचा चढ आला, बाबा पेडलवर उभे राहिले, पहिला गिअर पडला, गाडी हळू झाली, आणि मला माझ्या बाजूच्या आरशात दिसलं… गौराबाईंनी लुगडं सावरलं आणि खाली पाय टाकला. सवयीनं. त्यांच्यामागून दुसरी, तिसरी, सगळ्या. नऊच्या नऊ. टोपल्या गाडीत, बायका रस्त्यावर, आणि गाडी लोण्यातून सुरी जावी तशी वर. बाबांचा चेहरा असा उजळलेला मी कधी पाहिला नव्हता. “बघ गं,” ते म्हणाले, “आज कुणालाच उतरायला लागलं नाय.”

मी म्हणाले, “बाबा…”

“काय गं?”

हातातल्या घड्याळात दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. मी म्हणाले, “काही नाही.”

मी लाजाळू आहे, हे आमच्या गावात सगळ्यांना माहीत आहे. पण तुम्हाला खरं सांगते, त्या वेळी मी लाजले नव्हते.

पेपर सुटल्यावर बाजारात गेले, तर बाबा नऊ टोपल्यांच्या मधोमध बसून वांगी विकत होते, आणि त्यांच्यासमोर एस.टी.तून आलेल्या गौराबाई कमरेवर हात ठेवून उभ्या. “सखा, बायका सांडल्या त्या कळलं नाय तुला? आमी रस्त्यात हाका मारून मेलो की रं!” बाबांनी मान खाली घातली. मग गौराबाईंनी खाली वाकून हळूच विचारलं, “पर गाडी चढली ना रं न घसरता?” येसाजीकाका तेवढ्यासाठी कुंभिवलीहून आले, त्यांनीही तेच विचारलं. घरी आईनं बाबांच्या पोटरीला तेल चोळता चोळता तेच विचारलं. गोमाकाकांनी कुंपणावरून विचारलं. आठ दिवस झाले, जो येतो तो क्लच कसा आहे ते विचारतो.

पेपर कसा गेला, हे अजून कुणी विचारलेलं नाही.

तुम्हीसुद्धा नाही.