वस्तादाचा फोटो

आमचं आबा जुनं पैलवान. त्यांना रॉक कळत न्हाय म्हणणाऱ्यानं हे ऐकावं. मी खोलीत माझ्या लाडक्या इंग्लिश बँडचं पोस्टर लावलं आणि सांगितलं, "आबा, आजचे सगळे रॉकवाले ह्यांचेच पठ्ठे."

आबांनी पोस्टरवरच्या चौघांना खालवर न्याहाळलं. "आणि ह्यांचा वस्ताद कोण?"

"अमेरिकेतले काळे ब्लूजवाले. त्यांची गाणी ऐकूनच हे शिकले."

"मग त्यांचा फोटो कुठाय?"

"न्हाय लावला."

"वस्तादाच्या फोटोबिगर तालीम असती व्हय?"

आता पोस्टरच्या वर एक म्हातारा ब्लूजवाला हाय, हार घालून. परवा शेजारच्या काकूंनी तो बघितला आणि आवाज बारीक करून विचारलं, "कोण गेलं ओ?"

आबा म्हणालं, "गेलं कोण न्हाय. वस्ताद आल्यात."