डॅशबोर्डमागची वायर

(हवाना. अंगणात बावन्न सालची शेव्हरोले, नवा हिरवा रंग, बॉनेट उघडं. नेरेइदा, तिचे वडील एवेलिओ आणि गल्लीतला इलेक्ट्रिशियन फर्मिन.)

एवेलिओ: बॅटरीची वायर सोडवायची नाही म्हणून सांगितलं ना.

फर्मिन: काका, आधी टेस्टच्या दिव्याचे दोन्ही चिमटे लावतो, मग वायर काढतो. करंट तुटणार नाही. झालं समाधान? हे बघा. किल्ली तुमच्या खिशात, सगळं बंद, तरी दिवा मिणमिणतोय. कुठंतरी करंट जातोय.

एवेलिओ: जाऊ दे थोडा. म्हातारी गाडी आहे.

नेरेइदा: थोडा? रात्रभर उभी राहिली की सकाळी स्टार्टर फिरत नाही. चार्ज करायला वीज कुठाय? उद्या तपासणीला ढकलत नेली तर टॅक्सीचा परवाना देतील होय मला?

एवेलिओ: मी चालवायचो तेव्हा कधी अडली नाही.

नेरेइदा: तुम्ही दिवसभर चालवायचात. आता तुम्हाला धड दिसत नाही, आणि रंगाच्या पायी ही दारात बसून आहे.

फर्मिन: तुमचं चालू द्या, मी फ्यूज काढतो. हेडलाइट काढला, दिवा तसाच. हॉर्न काढला, तसाच. नेरेइदा, सगळे फ्यूज निघाले, तरी लागलेलाच आहे.

नेरेइदा: म्हणजे?

फर्मिन: म्हणजे एखादी वायर फ्यूजला चुकवून थेट बॅटरीवर गेलीय. आणि काकांनी सगळं वायरिंग एकाच रंगात केलंय.

एवेलिओ: टेलिफोनची वायर मिळाली, ती घातली. दुसरी मिळत होती का तेव्हा?

फर्मिन: मग सगळंच उपटावं लागणार.

एवेलिओ: उपटू नकोस. डॅशबोर्डच्या मागे, डाव्या हाताला बघ. जपून. पाडशील तिला.

फर्मिन: तिला? कोणाला? ... नेरेइदा, इकडे ये. कोब्रेची माता आहे इथं, दर्यातल्यांना तारणारी मेरी, बोटाएवढी मूर्ती. पायाशी बल्ब.

नेरेइदा: बाबा, हे कधी केलंत?

एवेलिओ: तुझा भाऊ देश सोडून जायला बोटीत बसला, त्या रात्री.

नेरेइदा: ओस्निएलसाठी? अहो, घरात त्याचं नाव काढायची तुमचीच बंदी होती. मी न्हाणीत नळ सोडून रडायचे.

एवेलिओ: बंदी घरात होती.

फर्मिन: म्हणून बॅटरी बदलताना तुम्ही शेजाऱ्याची आधी जोडून ठेवायचात. आम्ही हसायचो. पण काका, दिवा घरात लावायचात की.

एवेलिओ: घरातली वीज रोज जाते. गाडीची माझ्या हातात असते. त्याचा निरोप येईपर्यंत विझू देणार नाही, असा नवस बोललोय.

नेरेइदा: एवढी वर्षं झाली. यायचा असता तर आला असता.

एवेलिओ: कळतं मला.

फर्मिन: कापू का, नेरेइदा? गाडी तू चालवणार.

एवेलिओ: काप. तिचं पोट आहे या गाडीवर.

नेरेइदा: थांब. तुझ्याकडे चिनी टॉर्चमधले बारके दिवे आहेत ना? ते किती खातात?

फर्मिन: काहीच नाही. बॅटरीला कळणारसुद्धा नाही. हा बल्ब काढतो आणि लगेच तो लावतो. मिनिटाचं काम.

एवेलिओ: मिनिटभर?

नेरेइदा: फर्मिन, आधी नवा जोड. तो लागला की मग जुना काढ.