पर्मनंट कुंकू

नाई, पण मले एक सांगा, कपाळ वैनीचं, कुंकू वैनीचं, गेला तोही वैनीचाच नवरा, मंग त्या कपाळावर काय राहू द्याचं अन् काय पुसाचं हे सारं गाव काऊन ठरवून राह्यलं होतं? अन् पुसू पुसू पुसन किती माणूस? ते काय साधं कुंकू होतं? पर्मनंट होतं, बाप्पा, पर्मनंट!

थांबा, तुमाले पह्यल्यापासून सांगतो, नाईतं तुमी म्हणसान हा तानबा चक्रम झाला. देवळीले बसस्टँडच्या बाजूले आमचं बांगड्या-टिकल्याचं दुकान हाय. माह्या मोठ्या भावाचं, किसनदादाचं, मी आपला त्याच्या हाताखाली. आता गंमत अशी का अख्ख्या देवळीच्या बायायले टिकल्या पुरवणारा हा माणूस, अन् त्याच्याच बायकोच्या, माह्या अन्नपूर्णा वैनीच्या कपाळाले टिकली सोसे नाई! टिकलीच्या गोंदानं पांढरा डाग पडला, खाज सुटे, सालटं निघे. कुंकू लावलं तरी तेच. वैनी म्हणे, "राहू द्या न जी, काय अडलं?" पण दादा कायचा आयकते! म्हणे, "बायकोचंच कपाळ रिकामं, तं गिऱ्हाईक माल कायले घेईन?" वरून असं म्हणे, पण तुमाले सांगतो, त्याले तिचं ते कपाळ पाहावतच नोव्हतं. जेवता जेवता वर पाहे अन् मान खाली घाले.

अशात त्याले भेटली रोशनी. रोशनी म्हणजे आमच्या मामाची नात, सिंदी मेघेले पार्लर हाय तिचं, सुईनं भुवया कोरते, ओठ रंगवते. ती नाकात बोलते, "काकाऽऽ, काकूले पर्मनंट टिकलीच करून देऊ काय? घासा, धुवा, काई करा, जातच नाई!" दादा खूष! वैनीले स्कूटरवर मागं बसवलं अन् चालला घेऊन. संध्याकाळी वैनी परत आली तं दोन भुवयांच्या मधात लालचुटुक, गोल गरगरीत! दादानं साऱ्या लाईनीतल्या दुकानदारायले चहा पाजला. जो भेटे त्याले सांगे, "पर्मनंट हाय, बाप्पा, पर्मनंट!"

अन् दिवाळीच्या तोंडावर, दुकानाचं शटर उचलता उचलता, तिथंच खाली बसला. उठलाच नाई. मी पाणी आणाले गेलतो... फक्त पाणी आणाले हो...

जाऊ द्या.

तं दादाले अंगणात ठेवलं होतं, अन् आत बायायनं वैनीले घेरलं. बांगड्या फोडल्या. मंग आमची मोठी बहीण, सेलूची मोहिनीअक्का, तिनं पदराचं टोक ओलं केलं अन् वैनीचं कपाळ पुसलं. कुंकू तसंच! आणखी पुसलं. तसंच! अक्का रडता रडता थांबली अन् म्हणे, "अवं माय, हे निघत काऊन नाई?" एक म्हणे खोबऱ्याचं तेल आणा. दुसरी म्हणे लिंबू चोळा. तिसरी कोणाले न इचारता मोरीत गेली अन् भांडे घासाचा साबण घेऊन आली! आता हसू का रडू, तुमीच सांगा! माणूस अंगणात निजला हाय, न्यायची वेळ होऊन राह्यली, अन् आत त्याच्या बायकोचं कपाळ ताटावानी घासणं चालू! मी दारात उभा राहून हसलोही अन् रडलोही.  वैनीच्या डोळ्यातून धार लागलती, पण ती साबणाची होती का दादाची, कोणाले समजन?

तिथून जे सुरू झालं! कपाळ एकीचं, डोकं साऱ्या गावाचं. कोणी म्हणे मिठानं घासा. घासलं, रक्त निघालं, खपली धरली, खपली पडली, अन् खालून कुंकू जसंच्या तसं! कोणी मोबाईलवर पाहून मलम मागवलं. लावलं तं आग आग झाली, फोड आला, फोड फुटला, वैनी रातभर ओला फडका कपाळावर धरून बसली, अन् कुंकू जिथल्या तिथं! शेवटी रोशनीलेच बोलावलं. ती आली, खालमानेनं उभी. "काकू, वरून कातडीच्या रंगाची शाई भरून देऊ काय? झाकून जाईन." मी म्हणलं, "रोशने, हे आपोआप फिकं नाई होत काय कधी?" तं म्हणे, "होते न काका, चार-पाच वर्षांत होतेच फिकं." "मंग पर्मनंट काऊन म्हणत होती?" "ते... बोर्डावर तसंच लिवा लागते न काका." घ्या! पर्मनंट, बाप्पा, पर्मनंट!

आमची माय, शकुबाई, ती एकटी वैनीच्या बाजूनं. तिच्या स्वतःच्या कपाळावर गोंदण, बाप जाऊन जमाना झाला. ती खाटेवरून म्हणे, "मोहिने, माहं गोंदण घासलं होतं काय वं कोणी? मंग तिच्या कायले मागं लागली?" तं अक्का काय म्हणते, "आई, तुहं हिरवं हाय. हे लाल हाय!" झालं! म्हणजे सारा घोळ रंगाचा!

पण अक्काले तरी किती बोल लावू? तिचाही भाऊच गेला न. वरून तिच्या पोराचं, आदेशचं, लग्न जमलेलं. "नवरीकडचे काय म्हणतीन तानबा? मामी विधवा, अन् कपाळ हे असं?" तवरक वैनी कपाळाले दवाखान्याची पट्टी चिपकवून दुकानात बसे. येईन ती बाई इचारे, "पडल्या काय वो?" वैनी म्हणे, "हौ, पडली." बस. तेवढंच.

अन् मंग एक दिवस अक्का आमाले वर्ध्याले घेऊन गेली, कातडीच्या डॉक्टरकडे, लेझर माराले. डॉक्टर चांगला होता बिचारा. म्हणे, "हे पाहा ताई, या लाल रंगात लोखंडाचा अंश असतो. लेझर पडला की कधी कधी तो निघायच्या ऐवजी काळा पडतो. म्हणून आधी कडेला थोडंसं मारून पाहू." वैनीच्या डोळ्यावर झाकणं लावली, अन् टक् करून आवाज झाला. पाह्यलं तं कड काळी! काजळावानी काळी! डॉक्टरनं मशीन खाली ठेवली. अक्का ओरडली, "अवो डॉक्टरसाहेब, हे तं काळं पडलं, नासलं!" अन् वैनी... जिनं दादा गेल्यापासून या कुंकवाबद्दल तोंडातून शब्द काढला नोव्हता, ती डोळ्यावरचे झाकणं न काढताच म्हणते, "डॉक्टरसाहेब, आता सारंच काळं करून टाका."

डॉक्टर चाट! त्यानं लय समजावलं. ती म्हणे, "करा." शेवटी तो म्हणे, "ठीक आहे, काळा रंग पुढे काढता येतो, चार-सहा वेळा यावं लागेल." टक् टक् टक्... झालं काळं.

अक्का सेलूच्या गाडीत बसली. आमी दोघं देवळीच्या एस्टीत. माह्यानं राहावलं नाई. मी म्हणलं, "वैनी, तुमाले ते लालच ठेवाचं होतं न? दादानं करून देल्लं होतं. मले सांगतलं असतं तं मी भांडलो असतो साऱ्यायसंग." ती खिडकीबाहेर पाहत होती. म्हणे, "नाई भाऊजी. सकाळी उठून आरशात पाहो, तं ते लाल दिसे, अन् मले वाटे हे बाहेर स्कूटर पुसून राह्यले असतीन. रोज वाटे. मंग आठवे. रोज सकाळी हे मले नव्यानं सोडून जात, भाऊजी. कितीक वेळा रडू मी? निघत नाई तं नाई. पण पाह्यल्याबरोबर समजलं पाह्यजे न, का हे गेले."

आता बोला! सारं गाव लागलं होतं काढाले, माय बसली होती राखाले, मी निघालो होतो भांडाले... अन् तिले काय पाह्यजे हे एकानं तरी इचारलं होतं काय? मीही नाई इचारलं.

आदेशचं लग्न झालं. नवरीकडचे खूष, अक्का खूष, "विधवेले काळी चालते" म्हणून साऱ्यायनं माना हालवल्या. डॉक्टरकडे वैनी परत गेलीच नाई. आता दुकानात गल्ल्यावर तीच बसते. काल-परवा कॉलेजची एक पोट्टी आली, वैनीच्या कपाळाकडे टक लावून पाहे. म्हणे, "काकू, तुमी लावली न, तशीच काळी पाह्यजे मले. किती मस्त बसली हाय! कोणत्या पाकिटातली हाय?" मी तं गारच पडलो. वैनी म्हणे, "ते नाई भेटत आता, बाई. आणून देणारे गेले."

पोट्टीले काय समजते? म्हणे, "बरं, मंग दुसऱ्या दाखवा." अन् वैनीनं दाखवल्या. मरून दाखवल्या, चमकीच्या दाखवल्या, लाल दाखवल्या... गिऱ्हाईक हाय, बाप्पा. दाखवाच लागते.