आईचा कर्ण आणि महूची बस

भिया, आमची आई म्हणजे रिटायर झालेली गणिताची टीचर. परवा राजवाड्याहून महूची बस पकडायची होती. आई म्हणाली, “मेन रोडनं तीनशे मीटर, मग काटकोनात वळून चारशे. मधली तिरपी गल्ली म्हणजे कर्ण, फक्त पाचशे. चल!”

झालं! त्या गल्लीत दर दुसऱ्या दुकानात तिचा एकेक जुना विद्यार्थी निघाला. एकानं पाया पडून बसवूनच घेतलं, दुसऱ्यानं पोहे खिलवले, तिसऱ्यानं कचोरी. गल्ली संपली आणि बस डोळ्यांसमोरून गेली.

आईचा पारा चढला. शेवटच्या दुकानदारावर ओरडली, “तूही माझाच विद्यार्थी ना? बाजू तीनशे आणि चारशे, कर्ण किती?”

तो हात जोडून म्हणाला, “सातशे, मॅडम. मी मेन रोडनंच जातो, बस कभी नहीं छूटती.”