अण्णांची गोळी आणि माझा आलेख

अगं, आमच्या अण्णांच्या गोळीचं तुला सांगितलंच नाही! मी तेव्हा लातुरात क्लासमध्ये गणित शिकवायचे. अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, पायात रक्ताची गाठ झाली, म्हणून डॉक्टरांनी रक्त पातळ करायची गोळी दिली. दोन दिवसांनी रक्त तपासलं, तर रक्त किती पातळ झालं ते सांगणारा आकडा एकावरून हललेला नाही; डॉक्टरांना तो दोन ते तीनमध्ये हवा होता. अण्णा भडकले, "गोळीत दमच न्हाई. आजपासून दोन खातो."

मी पाकीटच हिसकावलं. "अण्णा, रक्तस्राव होईल! गोळी फक्त रक्त गोठवणारं नवं द्रव्य बनू देत नाही. अंगातलं जुनं संपायला वेळ लागतो."

"किती येळ?"

मी तिथंच समीकरण मांडलं, आलेख काढला. "सहाव्या दिवशी आकडा अडीचच्या जवळ येईल." डॉक्टरांना फोन लावला. तेही म्हणाले, एकच गोळी चालू ठेवा.

सहाव्या दिवशी लॅबमध्ये रिपोर्ट उघडला. दोन पूर्णांक चार दशांश! मी आनंदानं ओरडलेच. बाकावरच्या एक मावशी अण्णांना म्हणाल्या, "लेक लई खुश हाय. नातू येणार वाटतं?"

अण्णा ऐटीत म्हणाले, "न्हाई हो, गणित सुटलं!"