मार खाऊन पट्टी भरायची

फ्रीगंजात व्हिडिओ गेमचं पार्लर नुकतंच निघालं होतं. देवास गेटच्या थांब्यावर शेअर टेंपोच्या रांगेत अनसूयाबाईंपुढे एक बहीण-भाऊ उभे होते. मुलीच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"दादा, आज सौमित्रकडून हरले तर मशीनला पोरींनी हात लावायचा नाही. सगळ्यांसमोर मीच कबूल केलंय."

"टेन्शन नको घेऊ, मुक्ता. पहिल्या फेरीत मार खा, नुसतं त्याचे वार रोकत राहा."

"मार खाऊ?"

"त्यानंच पावरची पट्टी भरते. तू ती भरली रे भरली की लगेच उधळून टाकतेस. सौमित्र त्याचीच वाट बघतो."

"आणि कोपऱ्यात दाबलं तर?"

"खाली बसून राहा. त्याची लाथ चुकली, की त्याला धर."

"एवढं सगळं लक्षात राहील का रे?"

"मी मागे उभा राहून सांगतो ना."

"नको. तू बोललास की मी तुझ्याकडे बघते, आणि तेवढ्यात तो मारतो."

"म्हणजे येऊच नको?"

"नको."

टेंपो आला. मुक्ता एकटीच चढली. मागोमाग अनसूयाबाई चढू लागल्या, तशी दादानं त्यांना गळ घातली, "आजी, हिला फ्रीगंजच्या टॉवरपाशी उतरवून द्याल?"

आतून आवाज आला, "दादा, रोज जाते मी तिथं!"