मंडळाच्या हॉकी लीगमधला पहिला पिक

अक्षया : काका, दार सताड उघडं का ठेवलं? किती थंडी आहे!

जयंत : अगं, विलायतेत जन्मलीस, तरी थंडी? चौदा जण येणार. बेल चालते की नाही कोण जाणे, म्हणून उघडंच ठेवलं. ये, बस. बाकीची टीम कुठाय? पार्किंग मिळत नाहीये का? शेजारणीला सांगून ठेवलंय, तिच्या ड्राइव्हवर दोन गाड्या मावतील.

अक्षया : काका... कोणी नाही येणार. पिचवर पाणी साचला, मॅच कॅन्सल झाली. मग सगळे म्हणाले, लंच पण नको. मी सकाळी ग्रुपवर टाकला ना.

जयंत : ग्रुपवर होय? मी तो म्यूट केलाय. ऑक्टोबरपासून.

अक्षया : का?

जयंत : मी गोलकीपर असताना ईलिंगच्या टीमनं आपल्याला सात गोल घातले ना, त्या दिवशी. ‘अक्षयाचा पहिला पिक म्हणजे गोलला पडलेलं भोक.’ तुझ्या टीममधल्या संजयनं टाकलं होतं. खाली सगळ्यांचे हसरे चेहरे.

अक्षया : ते गंमत होता, काका.

जयंत : असेल गं. मला नाही आलं हसायला.

अक्षया : हे एवढा मिसळ तुम्ही एकट्यानी केला?

जयंत : गुरुवारी मटकी भिजत घातली. मंडळाची रीतच आहे ना, ड्राफ्टमध्ये, टीम निवडताना, कॅप्टन ज्याचं नाव पहिलं घेईल, त्याच्या घरी सीझनचं शेवटचं जेवण. गेल्या वर्षी सुश्रुतकडे काय गर्दी उसळली होती! मी जिन्यात बसून जेवलो. मजा आली.

अक्षया : काका, उद्या कमिटी मीटिंग आहे. विचारणार, सुश्रुतला सोडून तुम्हाला पहिला का घेतलं. त्यानी ईलिंगसाठी एकोणीस गोल केले. मला कॅप्टन ठेवणार नाहीत बहुतेक.

जयंत : मग खरं सांगून टाक. मीच तुझ्या मागे लागलो होतो.

अक्षया : ते मी नाही सांगणार. मी लहान असताना तुम्ही मला स्टिक धरायला शिकवला. मला वाटला, काकांना एकदा मान पाहिजे, तर देऊ.

जयंत : मान कसला डोंबलाचा! अगं, तुझी मधुमतीकाकू गेल्यापासून या घरात कुणी येत नाही. कुरिअरवालासुद्धा पार्सल पायरीवर टाकून पळतो. मला एक दुपार घरात माणसं हवी होती. दारात बुटांचा ढीग, बाथरूमला रांग, कुणीतरी विचारतंय, काका, चमचे कुठे आहेत. एवढ्यासाठी तुझा अख्खा सीझन घालवला मी. चुकलंच माझं.

अक्षया : नुसता बोलवायचा ना आम्हाला.

जयंत : दोनदा बोलावलं. ‘नक्की येऊ, काका.’ ते ‘नक्की’ कळतं हो मला.

अक्षया : मी पण म्हटला होता. नक्की.

जयंत : तू आलीस की आज. सगळं रद्द झालं, तरी आलीस.

अक्षया : मेसेज कोणी वाचला, ते बघत होते. तुमचं एकट्याचं नाव नव्हता.

(दोघं जेवतात. टेबलावर तेरा ताटल्या तशाच.)

जयंत : तिखट झालीय का?

अक्षया : खूप. अजून एक पाव द्या.

जयंत : घे, घे. पाव काय, ढीगभर आहेत. उद्या काय सांगशील मग?

अक्षया : खरं सांगू? पिक वर्थ नव्हता. माझा चूक होता.

जयंत : बरोबर आहे. आणि पुढच्या वर्षी?

अक्षया : कॅप्टन राहिले, तर पहिला सुश्रुत. तुम्ही शेवटी.

जयंत : शेवटी तर शेवटी. पण नाव घे हं.

अक्षया : घेईन. काका, निघू आता? आई वाट बघते.

जयंत : थांब, डबा भरून देतो. आणि जाताना दार लावून घे, मग बाहेरून एकदा बेल वाजव. चालते का बघू.